जावईबुवांची भाषेची अडचण

शहापूर, २२ जानेवारी

जावईबुवा दीपेशराव यांस,

तुझा आवाजी निरोप मिळाला. मागे यंत्रांची घरघर होती आणि तू बोलता बोलता हसत होतास. ‘ताई, तू फक्त एवढंच म्हण की तुझी रशियन आणि तिची सर्बियन यात जरा गोंधळ झाला. बाकी मी बघतो.’ मला किळस आली, दीपेश. जेवताना ताटात केस निघाला की येते ना, तशी. घास तोवर पोटात गेलेला असतो.

मी मुद्दाम लिहून पाठवते आहे. तुझ्या खोलीत राहणाऱ्या आदेशने सांगितलं की माझे निरोप तू मोठ्याने लावून पोरांना ऐकवतोस. लांबलचक वाचून दाखवायचा तुला पहिल्यापासून कंटाळा, तेव्हा हे निदान तुझ्यापुरतं राहील.

तुला सगळं सोयीसोयीने आठवतं. म्हणून जसं झालं तसं सांगते.

नोव्हेंबरात तुझे वडील, दामूकाका, आणि चुलते महादूअण्णा आमच्या दारात आले. सोबत पेढे होते. म्हणाले, दीपेशने सर्बियातली मुलगी पसंत केली आहे, वेस्ना तिचं नाव, त्याच्याच कारखान्यात मालाची तपासणी करते. मुलगी एकटीच येणार. तिची आई आजारी, वडील नाहीत. मग समाजात लग्न लावायचं कसं? मुलीच्या बाजूने कोणी बसायला नको का? तुमची नम्रता रशियन जाणते, दीपेशला बहिणीसारखी आहे, तर तुम्हीच तिचं माहेर व्हा.

माझे बाबा, तुला माहीतच आहे, साईनाथ म्हटलं की लोक मान देतात एवढ्यावर खूश होणारे. ते विरघळले. आईने मात्र विचारलं, माहेर म्हणजे लग्नापुरतं का कायमचं? महादूअण्णा हसले आणि म्हणाले, वहिनी, माहेर काय लग्नापुरतं असतं का? हे वाक्य त्यांचं आहे, माझं नाही. लक्षात ठेव.

मी तेव्हाही सांगितलं होतं की मला रशियन येते, सर्बियन नाही. तुलाही तेच सांगितलं होतं. वाशिंदच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तू माझ्या टेबलाशी यायचास, मी रशियन यंत्रांची पुस्तकं मराठीत उतरवत बसलेली असायचे. तुला सर्बियात वेल्डरचं काम लागलं होतं आणि चार शब्द शिकायचे होते. मी म्हटलं होतं, या दोन भाषा म्हणजे हिंदी आणि मराठी समज. लिपी बरीचशी तीच, अर्धेअधिक शब्द तेच, पण हिंदीतली शिक्षा आणि मराठीतली शिक्षा एक नव्हे. रशियनमध्ये ‘प्रावदा’ म्हणजे खरं. सर्बियनमध्ये तोच शब्द न्यायासाठी वापरतात, आणि खऱ्याला म्हणतात ‘इस्तिना’. तू म्हणालास, चालतंय ताई, दोन्ही चांगलेच शब्द आहेत.

वेस्ना आली तेव्हा पहिल्याच दिवशी फजिती झाली. साडी नेसून आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, मला ‘पोनोस’ वाटतो आहे. रशियनमध्ये पोनोस म्हणजे जुलाब. मी आईला साखर-मिठाचं पाणी करायला लावलं. बिचारीने ते पिऊनही टाकलं, तिला वाटलं साडीनंतर हे द्यायची रीत असेल. मग फोनवर शोधलं तेव्हा कळलं की त्यांच्यात पोनोस म्हणजे अभिमान. आम्ही दोघी पोट धरून हसलो. ही गोष्ट मीच हौसेने सगळ्यांना सांगितली, आणि आज तीच माझ्या गळ्यात मारताय तुम्ही. जिला अभिमान आणि जुलाब यातला फरक कळला नाही, तिला काय कळलं असणार, असं महादूअण्णा गावभर बोलत फिरतात.

पण त्या फजितीनंतरच आम्ही दोघी शहाण्या झालो. महत्त्वाचं काही असलं की मी वाक्य रशियनमध्ये बोलायचे, ती ते सर्बियनमध्ये परत म्हणायची, मग मी फोनवर तपासायचे. किन्हवलीच्या तुमच्या ओटीवर सुपारी फोडायला बैठक बसली, तेव्हाही असंच केलं. पंचांनी विचारलं, मुलीकडच्यांचं काही विचारायचं आहे का? बाबा नको म्हणत होते. वेस्नाने माझा हात दाबला आणि विचारलं, याला आधीची बायको आहे का? तुझ्या फोनवर तिने कुणा लहान मुलीचा फोटो पाहिला होता. तू म्हणाला होतास भाची आहे.

मी प्रश्न मोठ्याने मराठीत सांगितला. ओटी भरलेली होती. तुझी आई चुलीपाशी होती, ती पाठमोरी झाली. तू जमिनीकडे बघत होतास, मला वाटलं लाजतोयस. महादूअण्णा म्हणाले, “सांग तिला, नाय. पयलीच वेळ हाय पोराची.”

मी सांगितलं. तिने तिच्या भाषेत परत विचारलं, बायको नाही? मी म्हटलं, नाही. बायकोला दोन्ही भाषांत ‘झेना’च म्हणतात, दीपेश. तिथे चुकायला जागाच नव्हती. सुपारी फुटली, सगळ्यांनी गूळ खाल्ला, मीही खाल्ला.

डिसेंबरातच लग्न लागलं आणि तू परत गेलास. वेस्ना मार्चपर्यंत राहणार होती, सासर बघायला. परवा मी तिला म्हशाच्या जत्रेला घेऊन गेले. बैल बघून झाले, घोंगड्या बघत होतो, तर एक बाई समोर येऊन उभी राहिली. कडेवर पोर होती. पोरीचं तोंड म्हणजे तुझं तोंड, हनुवटीवरच्या खळीसकट. बाई वेस्नाकडे बघत राहिली. तिने तुमच्या हळदीचा व्हिडिओ पाहिला होता. मग मला म्हणाली, “तू ती दुभाषी ना? मग हिला सांग, मी कुनाली. दीपेशची बायको. कोर्टात काय झालेलं नाय अजून.”

तेही मलाच सांगावं लागलं. घोंगडीवाल्यासमोर उभं राहून सांगितलं.

आता वेस्ना आमच्याकडे आहे. किन्हवलीला परत जाणार नाही म्हणते. आणि तू हसत हसत सांगतोस की माझी भाषा चुकली.

नम्रता

शहापूर, ३ फेब्रुवारी

दीपेश,

तुझं लेखी उत्तर आलं, म्हणजे कष्ट घेतलेस. त्यात तू लिहिलं आहेस की कुणाली स्वतःच निघून गेली, पंचांनी सोडचिठ्ठी लिहून दिली, आणि हे सगळं तुझ्या घरच्यांनी बैठकीत मोकळेपणाने सांगितलं होतं, फक्त मी ते वेस्नाला उलट सांगितलं. दोन भाषा इतक्या जवळ आहेत की कुणाचीही चूक होईल, त्यात ताईचा दोष नाही, असंही वर लिहिलं आहेस. म्हणजे मला माफसुद्धा करून टाकलंस.

जवळ आहेत ना भाषा? मग ऐक, किती जवळ आहेत ते. रशियनमध्ये सहा विभक्त्या, सर्बियनमध्ये सात. सातवी हाक मारायची. आपल्याकडे संबोधन असतं तशी. रशियनांनी ती जवळजवळ टाकून दिली, यांनी जपून ठेवली. म्हणून वेस्ना मला ‘नम्रातो’ म्हणते, आणि तुझं नाव घेते तेव्हा ‘दीपेशे’ म्हणते. परवा झोपाळ्यावर बसून एकटीच म्हणाली. मला ऐकवेना, मी आत गेले. रशियन बोलतात एक आणि लिहितात दुसरं, ‘ओ’ लिहून ‘आ’ म्हणतात. सर्बियन बोलतात तसंच लिहितात. या बाबतीत सर्बियन आपल्या जवळची आहे. आणि खोट्याला रशियनमध्ये ‘लोझ’ आणि सर्बियनमध्ये ‘लाझ’. एवढा फरक तर तुलाही झेपेल.

रविवारी तुझे वडील आणि महादूअण्णा आले होते. पुन्हा पेढे. दामूकाका स्वतःचे पाय बघत बसले. महादूअण्णांनी सगळं नीट जुळवून आणलं होतं. येत्या रविवारी किन्हवलीला पुन्हा बैठक बसवायची. मी सर्वांसमोर वेस्नाला सांगायचं की त्या दिवशी माझ्याकडून उलटसुलट झालं, दीपेशने तर खरंच सांगितलं होतं. मग ती शांत होईल, तुझ्याकडे येईल, मे महिन्यात तिथल्या कचेरीत लग्नाची नोंद होईल. कुणालीने तोंड उघडलं तर तिला सांगायचं, बाई, तुझं तर पंचांनी कधीच मिटवलं आहे.

मी विचारलं, कुणाली निघून गेली होती का तुम्ही तिला पोचवून आलात? महादूअण्णा म्हणाले, एकच गोष्ट आहे. तुझ्या घरात सगळ्याच गोष्टी एकच असतात वाटतं. रशियन आणि सर्बियन एकच, गेली आणि घालवली एकच.

मी नंतर मुरबाडला जाऊन कुणालीला भेटले. हे तुला कळवणार नव्हते, पण कळवते. मुलगी झाली म्हणून तुझ्या आजीने तोंड फिरवलं, माहेरपणाला म्हणून तिला पोचवलं आणि न्यायला कोणी आलंच नाही. तुझ्या लेकीने, मनस्वीने, बापाला फक्त फोनवर पाहिलंय. कुणालीला तू परत नको आहेस, निश्चिंत राहा. तिला कोर्टातून रीतसर सुटका हवी आहे, आणि ती पळून गेली हे जे तुम्ही दोन तालुक्यांत सांगितलंय ते सगळ्यांसमोर पुसून हवं आहे. मी चूक कबूल केली की तेही पुसलं जाणार नाही. मग ती जन्मभर पळून गेलेलीच राहील. हे तुला कळतंय का? तुला कळतंयच. म्हणूनच तर तू हसत होतास.

सगळ्यात जास्त चीड मला आमच्याच घराची आली. बाबा जेवताना म्हणाले, बोलून टाक ना नमू, तुझं काय जातंय? परकी भाषा आहे, चुकलं म्हटलं तर कोण तुला फासावर देणार आहे? एक वाक्य आहे, सगळ्यांचे संसार मार्गी लागतील. मी ताटावरून उठले. माझं काय जातंय! मी इतकी वर्षं दुसऱ्याचं बोलणं इकडून तिकडे नेण्याचंच काम करते. बाबांना ते टपाल टाकण्यासारखं वाटतं.

आई मात्र एक गोष्ट करून गेली. महादूअण्णा उठताना म्हणाले, सूनबाईला तयार करा, आता घेऊनच जातो. आई दारात उभी राहिली. म्हणाली, लग्नानंतर पाचपरतावणाला लेक-जावई जोडीने आले, जेवून गेले, आम्ही तिची ओटी भरली. म्हणजे ती आमची लेक. लेक माहेरी आली की न्यायला नवरा येतो. चुलतसासऱ्याबरोबर आम्ही नाही पाठवत. नवरा येईल, या ओटीवर बसेल, का आली ते तिच्या बापाला सांगेल, मग बघू. महादूअण्णा म्हणाले, गिरजावहिनी, ते माहेर नुसतं रीतीपुरतं होतं हो. आई म्हणाली, माझ्या घरात नुसतं रीतीपुरतं काही नसतं.

तर असं आहे. तिला माहेर तुम्हीच दिलंत, दाखवण्यापुरतं, व्हिडिओत मुलीकडची बाजू रिकामी दिसू नये म्हणून. आता ती तिथे येऊन बसली आहे, भाकरी थापायला शिकते आहे आणि आईच्या मागे मागे फिरून प्रत्येक वस्तूचं नाव विचारते आहे.

एक गोष्ट लिहू का नको असं चाललं होतं. काल वेस्नाने मला विचारलं, तुझं चुकलं असेल असं होऊ शकतं का? हळू आवाजात विचारलं. तिला ‘हो’ हवं होतं, दीपेश. तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. तिला अजून तू आवडतोस. मी हो म्हटलं असतं तर तिने मला मिठी मारली असती आणि सुखाने बॅग भरायला घेतली असती. मी नाही म्हटलं. ती रात्री जेवली नाही. हेही तुझ्याच नावावर मांड.

नम्रता

शहापूर, १७ फेब्रुवारी

दीपेश,

बैठकीत काय झालं ते घरच्यांनी तुला कळवलं असेलच. काय कळवलं असेल याचा मला अंदाज आहे. म्हणून माझ्याकडून ऐक.

आम्ही चौघं गेलो. बाबा वाटेत मला पुन्हा पुन्हा सांगत होते की नीट सांभाळून घे. ओटी मागच्यासारखीच भरली होती, तीच माणसं. तुझं लग्न एकदा झालंय हे माहीत असून ज्यांनी डिसेंबरात गूळ खाल्ला ती सगळी. कोणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. मी एकेकाकडे बघत होते आणि मला त्यांच्या टोप्यांची, विड्यांची, खाकरण्याची, सगळ्याची शिसारी येत होती. कुणाली आणि तिचा भाऊ अंगणात उभे होते, त्यांना वर या म्हणायला कोणी उठलं नाही. शेवटी माझी आई उठली.

महादूअण्णांनी सुरुवात केली. भाषेची अडचण झाली, त्यातून गैरसमज झाला, नम्रता शिकलेली मुलगी आहे, ती मोठ्या मनाने मान्य करेल. मग माझ्याकडे वळले. “बोल पोरी. सांग तिला, माझा चुकला.”

मी म्हटलं, माझं चुकलेलं नाही. तुम्ही नाही म्हणालात, मी नाही सांगितलं. आणि आज मी कुणाचंच काही सांगणार नाही. तिकडून इकडे नाही, इकडून तिकडेही नाही.

गडबड झाली. बाबा माझा पदर ओढायला लागले. कोणीतरी म्हणालं, मग हिला सांगायचं कसं, हिला काय समजतंय? दामूकाका म्हणाले, राहू द्या आजच्या दिवस. उठायला लागले सगळे.

तेवढ्यात वेस्ना उठली. पुरुषांच्या मधून सरळ आत गेली, जिथे तुझी आई, धोंडूबाई, चुलीच्या तोंडाशी पाठमोरी बसली होती. तिच्यासमोर जमिनीवर बसली. तुझ्या आईची ओळख तुला करून द्यायची गरज नाही, पण हे तुला ठाऊक नसेल, त्या तीन-चार आठवड्यांत दोघींचं चांगलं जमलं होतं. एकमेकींचा शब्द कळत नव्हता तरी धोंडूबाई तिचे केस विंचरायच्या.

वेस्नाने त्यांचा हात धरला आणि मराठीत विचारलं. माझ्या आईकडून शिकून, दोन दिवस घोकून घोकून तयार केलेलं एकच वाक्य. मला त्याचा पत्ता नव्हता. “आई, कुनाली तुमची सून हाय?”

महादूअण्णा बाहेरून ओरडले, नाय म्हण. धोंडूबाईंनी तोंड उघडलं. मी बघत होते. ओठ हलले, पण आवाज येईना. डिसेंबरात हेच बोलणं किती सोपं होतं. महादूअण्णा मला म्हणाले, मी तिला म्हणाले, मधे दोन भाषा होत्या आणि ते खोटं कोणाच्याच तोंडचं नव्हतं. आता मधे कोणी नव्हतं. ती मुलगी हात धरून तोंडाकडे बघत होती, लहान पोरीसारखी.

“हाय,” तुझी आई म्हणाली. मग म्हणाली, “नात पन हाय. आमीच सोडून आलो तिला.”

वेस्नाने मान हलवली. वळून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला समजलं होतं.

त्यानंतर फार काही राहिलं नाही. कुणालीच्या भावाने पंचांना विचारलं, ऐकलंत ना सगळ्यांनी? ऐकलं नाही असं कोणाला म्हणता आलं नाही. पंचांच्या त्या सोडचिठ्ठीचं काय करायचं ते आता मुरबाडच्या कोर्टात ठरेल. बाबा परतीच्या वाटेवर माझ्याशी बोलले नाहीत, पण घरी आल्यावर वेस्नाला म्हणाले, चहा घे. मराठीतच.

वेस्ना बुधवारी गेली. आईने पुन्हा ओटी भरून तिला पाठवली, रडली, तिलाही रडवलं. ती सर्बियात निश शहरात, तिच्या आईकडे गेली आहे, तुझ्याकडे नाही. कारखान्यातली नोकरीही सोडते आहे. तिकडच्या विमानतळावर तू उभा राहिला होतास असं आदेश म्हणाला. तुझ्याजवळून निघून गेली असेल ती, गर्दीत.

मला तुझ्याशी आता बोलायचं नाही. हे पत्रही लिहिणार नव्हते. पण आज सकाळी तुझी आई एकटीच एसटीने शहापूरला आली. तिचा फोन तू उचलत नाहीस, आणि आता घरात कोणी लावूनही देत नाही. मला म्हणाली, लिहून दे त्याला. मी म्हटलं, मी आता कोणाचं बोलणं कोणाला पोचवत नाही. तर म्हणाली, बदलू नको काय, मी बोलते तसं उतरव. म्हणून उतरवते आहे, ती समोर बसली आहे:

“दीपेश, तू ठीक असशील. पोरगी गेली. जाताना पाया पडली माझ्या. तुझा बाप बोलत नाय, महादूभावजी दारात येत नाय. मी कुनालीकडे गेलते. मनस्वीला बघितलं. मांडीवर नाय आली, मला वळखत नाय ती. तू बोललास, आई गप रहा, ती नम्रता बोलंल, तुला काय बोलाया लागनार नाय. मी गप राह्यले. तेच खोटं होतं रे, माझं. तिच्या तोंडावर मला नाय जमलं. तुला दोघींच्या तोंडावर कसं जमलं, ते मला सांग. तिथल्या भाषेत नको. आपल्यात सांग.”